मघेपासून एक वीत खाली: एनजीसी ३११५ कशी शोधायची

टेलिस्कोप घेतला की पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांचं सारखंच होतं. चंद्र बघून होतो, गुरूचे चार चंद्र मोजून होतात, शनीची कडी अख्ख्या बिल्डिंगला दाखवून होते, मृगातला नेब्युला बघून होतो, आणि मग वाटायला लागतं की आता एखादी गॅलेक्सी बघूया. मीही तेच केलं आणि यादीत बघून एम १०१ (मेसियर नावाच्या माणसाच्या यादीतली १०१ नंबरची) उचलली, म्हटलं मॅग्निट्युड (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं मंद) ८ च्या आसपासची आहे म्हणजे सोप्पीच असणार, आणि दोन रात्री मान मोडून घेतली तरी डोळ्याला काही म्हणजे काही लागलं नाही. टेलिस्कोप खराब आहे असं वाटून विकायलाही निघालो होतो.

खराब काही नव्हतं. एम १०१ चा प्रकाश जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेवर पसरलेला आहे. चमचाभर तूप परातभर फासलं तर दिसत नाही, तेच वाटीच्या तळाशी ठेवलं तर लगेच दिसतं, तसं आहे हे. म्हणजे नवशिक्याने नुसता मॅग्निट्युडचा आकडा बघून गॅलेक्सी निवडायची नाही, प्रकाश किती जागेत गोळा झालाय ते बघायचं. आणि या हिशोबाने आपल्याकडून, महाराष्ट्र-गोव्यातून, छोट्या टेलिस्कोपमधून बघायला माझ्या मते सगळ्यात चांगली आहे ती एनजीसी ३११५ (एनजीसी ही अशा गोष्टींची एक मोठी यादी). मॅग्निट्युड ९ च्या जवळपास, म्हणजे कागदावर एम १०१ पेक्षा मंद, पण लांबी ७ कलांच्या (एका अंशाच्या साठ कला) आसपास आणि रुंदी जेमतेम अडीच कला, आणि त्यातही बराचसा उजेड मधोमध एकवटलेला. गावाबाहेर जरा बरं आकाश मिळालं तरी ५ इंची टेलिस्कोपमधून ती मिळते.

ही आहे भिंगाकार गॅलेक्सी, म्हणजे लेंटिक्युलर. लेन्स हा शब्दच मुळात लॅटिनमधला मसुराचा शब्द आहे, त्यामुळे मसूराकार म्हटलं तरी चालेल, नि मला तेच जास्त आवडतं. मसुराचा दाणा समोरून गोल दिसतो, कडेने धरला की मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. ३११५ आपल्याला जवळजवळ कडेनेच दिसते म्हणून तिला स्पिंडल, म्हणजे चरख्याची चाती, असंही नाव आहे. टेलिस्कोपमध्ये मला ती चातीपेक्षा तिरका ठेवलेला जिऱ्याचा दाणा वाटते पण असो.

या प्रकारच्या गॅलेक्सीत चकती असते पण सर्पिल हात नसतात. गॅस जवळपास संपलेला, त्यामुळे नवीन तारे फारसे होत नाहीत, आहेत ते बहुतेक म्हातारे पिवळट तारे. खगोलशास्त्रज्ञ हबलने १९३६ मध्ये गॅलेक्सींची ती प्रसिद्ध चिमट्यासारखी आकृती मांडली, त्यात एका बाजूला लंबगोल, दुसऱ्या बाजूला सर्पिल, आणि चिमटा जिथे फुटतो तिथे त्याने एस-शून्य, म्हणजे हाच भिंगाकार, असा प्रकार कल्पून ठेवला होता. गंमत म्हणजे ३११५ ला त्याने त्यात न बसवता ई-७ मध्ये, म्हणजे सगळ्यात चपट्या लंबगोलांत टाकलं होतं. नंतर कळलं की हिच्यात चांगली चकती आहे, आणि मग ती एस-शून्यचा नमुनाच होऊन बसली. हात नाहीत, धुळीचे पट्टे नाहीत, नवीन तारे घडवणाऱ्या गॅसचे गुलाबी ठिपके नाहीत म्हणून फोटोवाले हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आपल्या फायद्याचंच आहे ते, कारण डोळ्याने बघताना हात आणि गुलाबी ठिपके तसेही दिसत नसतात.

आता कधी बघायची ते. ती सेक्सटन्स नावाच्या तारकासमूहात आहे, सिंह आणि वासुकी यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत. सतराव्या शतकात हेवेलियस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या कोन मोजायच्या यंत्राच्या आठवणीसाठी हा समूह केला, त्याची वेधशाळा १६७९ मध्ये जळाली त्यात ते यंत्रही गेलं. समूहातला सगळ्यात तेजस्वी तारासुद्धा साडेचार मॅग्निट्युडचा, त्यामुळे शहरातून अख्खा समूहच गायब असतो आणि घाबरायचं कारण नाही, आपण त्याच्यावर अवलंबून राहणारच नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल हा सीझन. मला तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून मी सणांनी लक्षात ठेवतो. महाशिवरात्र ही माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे चंद्र पहाटेशिवाय उगवतच नाही, आणि तेव्हा रात्री बारा-एकच्या सुमाराला ३११५ बरोब्बर दक्षिणेला सगळ्यात उंच असते. शिवाय त्या रात्री घरात जागरण असतंच, त्यामुळे रात्री बाहेर कुठे निघालास असं कोणी विचारत नाही. दुसरा मुहूर्त पाडव्याच्या आदल्या रात्रीचा, फाल्गुन अमावस्या. तेव्हा ती नऊ-साडेनऊ ते अकराच्या दरम्यान दक्षिणेला येते, पाडवा मार्चमध्ये आला तर उशिरा आणि एप्रिलमध्ये आला तर लवकर. होळीला मात्र पौर्णिमा असते, त्या रात्री पुरणपोळी खाऊन झोपा. एप्रिलच्या मध्यानंतर वळवाचे ढग आणि धूळ सुरू होते, मग मजा नाही.

उंचीचं म्हणाल तर पुण्यातून ती क्षितिजापासून जवळजवळ ६४ अंशांवर चढते, नागपूरहून ६१, गोव्यातून ६७. दक्षिण आकाश म्हटलं की लोकांना वाटतं ऑस्ट्रेलियालाच जायला पाहिजे, पण ही विषुववृत्ताच्या खाली पावणेआठ अंशच आहे. माझा एक मावसभाऊ सिडनीला असतो, त्याला मी हिशोब करून दाखवला की तुझ्याकडूनही ती बरोब्बर ६४ अंशांवरच येते, फक्त तू उत्तरेला तोंड करून बघायचं. त्याचा विश्वास बसायला दोन दिवस लागले.

जागेचं जास्त सांगत नाही, जे जवळ पडेल ते. मुंबईची मंडळी वांगणीला जातात, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिकडे होत आलेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, एकट्याने जायची भीती वाटत असेल तर अशा लोकांबरोबर जा. स्वतःची गाडी असेल तर भंडारदऱ्याकडे वगैरे. एवढंच बघा की दक्षिणेकडे जवळपास शहर किंवा हायवेचा ढाबा नको.

निघायच्या आधी घरीच एक काम करा, दिवसाउजेडी. फाइंडर (टेलिस्कोपवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि मेन टेलिस्कोप एकाच जागी बघतायत ना ते जुळवून घ्या. लांबचा मोबाइल टॉवर नाहीतर देवळाचा कळस आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मधोमध आणायचा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच कळस फाइंडरच्या मधोमध आणायचा. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला हे अजिबात करायचं नाही. हे न करता गेलात तर रात्रभर तुम्ही चुकीच्या आकाशात गॅलेक्सी शोधत बसाल, आणि हे मी अनुभवाने सांगतोय.

जागेवर पोचल्यावर टेलिस्कोप आधी उघड्यावर मांडून ठेवा, गार होऊ दे त्याला, आणि तोपर्यंत तुमचे डोळेही अंधाराला सरावू देत. अर्धा तास तरी लागतो. या अर्ध्या तासात कोणी एकाने जरी मोबाइलचा टॉर्च लावला तर मीटर परत शून्यावर. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन घड्या करून रबरबँडने लावून घ्या, मोबाइलचा ब्राइटनेस तळाला. फेब्रुवारीत घाटमाथ्यावर दव पडतं, त्याला उपाय म्हणजे जुनी योगा मॅट कापून टेलिस्कोपच्या तोंडाला नळीसारखी गुंडाळायची. दिसायला भयंकर दिसतं पण काम करतं.

आता शोधायचं. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. जवळजवळ डोक्यावर सिंहेतला तेजस्वी तारा मघा असेल, त्याच्या वर विळ्यासारखा किंवा उलट्या प्रश्नचिन्हासारखा ताऱ्यांचा आकडा असतो त्यावरून ओळखू येतो. हात पूर्ण लांब करा आणि वीत ताणा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. हात लांब करून धरलेली वीत म्हणजे साधारण २० अंश होतात आणि नेमकी तेवढीच ३११५ ही मघेच्या सरळ खाली आहे. म्हणजे करंगळी मघेवर टेकवली की अंगठा जवळपास गॅलेक्सीवर. पाव-अर्ध्या अंशाचा फरक सोडा, पण आकाशातला हा एवढा सोपा योग मला दुसरा माहीत नाही. (सिडनीवाल्यांनी उलटं, मघेपासून वीतभर वर.)

आता दुसरी बाजू पक्की करायची. उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, एक नारिंगीसर तारा एकटाच बसलेला दिसेल, आजूबाजूला कोणी नाही. तो अल्फार्ड, वासुकीचं काळीज. अरबीत त्या नावाचा अर्थच एकटा असा आहे. तिथून डावीकडे एक मूठ, हात लांब करून धरलेली, म्हणजे १० अंश, त्याच्या किंचित आत. मघेपासून एक वीत खाली आणि अल्फार्डपासून एक मूठ डावीकडे, या दोन रेघा जिथे मिळतात तिथे टेलिस्कोप लावा, सगळ्यात कमी पॉवरचा आयपीस घालून, २५ एमएमचा वगैरे.

लगेच दिसली तर नशीब. नाही दिसली तर फाइंडरमधून अल्फार्डपासून निघा, डावीकडे सरकत साधारण सहा अंशांवर पाचव्या मॅग्निट्युडचा गॅमा सेक्सटँटिस लागतो, तिथून तसंच पुढे तीन अंशांच्या जरा वर गेलं की गॅलेक्सी, बहुतेक फाइंडरच्या एकाच फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यात, दोन्ही बसतात. आणि पुढे निघून गेलात तर त्याचीही खूण आहे, १७ आणि १८ सेक्सटँटिस अशी दोन सारख्या तेजाच्या ताऱ्यांची जोडी, अर्ध्या चंद्राहून कमी अंतरावर एकमेकांजवळ. ती दिसली की समजायचं आपण दीडेक अंश जास्त आलोय, तिथून वर-उजवीकडे परत यायचं. फक्त तुमचा फाइंडर उलटं दाखवणारा असेल, बहुतेक सरळ फाइंडर दाखवतात, तर आत बघताना ते खाली-डावीकडे होईल. इथे फार लोक फसतात.

आता माझी लाडकी युक्ती, जिला ना गोटू (टेलिस्कोप आपोआप वळवणारी मोटर) लागतं ना फाइंडर. अल्फार्ड आणि ३११५ या जवळजवळ एकाच रेषेवर एकामागून एक चालतात, गॅलेक्सी साडेसदतीस मिनिटं मागे, आणि जवळजवळ एक अंश वर. त्यामुळे अल्फार्ड बरोब्बर दक्षिणेला आला की तो आयपीसच्या मधोमध आणा, मग नळी अगदी हळू वर उचला, एक अंश. आयपीसचं फील्ड दोन अंशांचं असेल, १३० एमएमच्या ६५० फोकल लेंग्थच्या टेलिस्कोपला २५ एमएम लावला की साधारण तेवढंच होतं, तर अल्फार्ड कडेला टेकेपर्यंत उचललं की झालं. ८ इंची डॉब (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरचा टेलिस्कोप) असेल तर फील्ड एक अंशाचंच असतं, मग तो कडेबाहेर गेल्यावर अजून अर्धं फील्ड वर. आणि मग हात लावायचा नाही. घड्याळात बघा, थर्मासमधला चहा काढा, खुर्चीला पाय लागू देऊ नका. पृथ्वी तिचं काम करते. पस्तिसाव्या मिनिटापासून डोळा लावून बसा, डॉबमध्ये जरा उशिरा, आणि मग कडेकडून एक धूसर रेघोटी आपल्या पायांनी चालत फील्डमध्ये येते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्याबरोबर आठवीतली पुतणी होती, ती म्हणाली काका ही तर वेळेवर आली, एसटीपेक्षा बरी.

दिसल्यावर तिच्याकडे थेट रोखून बघू नका. नजर किंचित बाजूला ठेवायची, तिच्या शेजारच्या एखाद्या ताऱ्यावर, आणि लक्ष मात्र तिच्यावर. आपल्या डोळ्याच्या मध्यापेक्षा बाजूचा भाग अंधुक उजेड जास्त पकडतो. असं केलं की टोकं लांबतात, आधी नुसता पुसट ठिपका वाटत होता तो लांबट होतो. ६ नाहीतर ८ इंची असेल तर आता पॉवर वाढवा, १० एमएमचा आयपीस घाला, डॉबमध्ये १२० पट होते. फिक्या गॅलेक्सींना पॉवर वाढवली की त्या विरघळून जातात, ही नाही जात. मधोमध ताऱ्यासारखा टोचणारा बिंदू, त्याच्याभोवती फुगीर उजेड, आणि दोन्हीकडे ईशान्य-नैऋत्य अशी निमुळती होत गेलेली टोकं. रंग नाही, राखाडीच. नेब्युलाचे फिल्टर, यूएचसी, ओ-थ्री, इथे लावू नका, ते गॅसच्या ठराविक रंगांसाठी असतात आणि इथे सगळा उजेड ताऱ्यांचा आहे, फिल्टर लावून तुम्ही गॅलेक्सीच अंधारी कराल. बायनॉक्युलरने म्हणाल तर १०-५० ने अंधाऱ्या आकाशात फुगलेल्या ताऱ्यासारखी मिळते, हात टेकवून धरले तर. १५-७० ने जास्त खात्री होते.

एक सावधगिरी. अ‍ॅपमध्ये किंवा गोटूच्या रिमोटमध्ये स्पिंडल असं नाव टाकू नका, नंबर टाका. स्पिंडल नावाची अजून एक गॅलेक्सी आहे, एनजीसी ५८६६, ती पार उत्तरेला कालेयात आहे आणि वैताग म्हणजे तीही भिंगाकारच. मी मार्चमध्ये एकदा एका अ‍ॅपवर विश्वास ठेवला, टेलिस्कोप ईशान्येला क्षितिजालगत जाऊन एका पोल्ट्रीच्या हॅलोजनवर रोखून बसला आणि मी दहा मिनिटं फोकस करत होतो. नंबर नको असेल तर कॅल्डवेल ५३ टाका, पॅट्रिक मूरने १९९५ मध्ये केलेल्या यादीतला तिचा तो नंबर. मेसियरच्या यादीत ती नाही, त्याच्या हातून ही सुटलीच, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलला सापडली २२ फेब्रुवारी १७८७ ला.

बघताना काय बघतोय हे माहीत असलं की जास्त वेळ डोळा ठरतो, म्हणून थोडं सांगतो. अंतर साधारण ३.२ कोटी प्रकाशवर्षं. तो आकडा डोक्यात शिरत नाही, मग मी बसलेल्या कातळावर हात ठेवतो. सह्याद्रीचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे आत्ता डोळ्यात शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या बुडाखालचा खडक ऑलरेडी तेवढाच म्हातारा होता.

आणि तो मधला टोचणारा बिंदू. तो म्हणजे दाटीवाटीने बसलेले तारे, पण त्यांच्या आत एक कृष्णविवर आहे. १९९२ मध्ये कोर्मेंडी आणि रिचस्टोन यांनी मधले तारे किती वेगाने फिरतायत ते मोजून दाखवलं की तिथे शंभर कोटी सूर्यांच्या वर वस्तुमान दडलंय. आपल्या आकाशगंगेच्या मधलं विवर ४० लाख सूर्यांचं, त्यावरून अंदाज घ्या. शंभर कोटींच्या वर्गातलं हे आपल्याला सगळ्यात जवळचं मानतात. २०११ मध्ये चंद्रा दुर्बिणीने, म्हणजे आपल्या चंद्रशेखरांच्या नावाच्या, त्याच्याकडे ओढला जाणारा गरम गॅस एक्स-रेमध्ये टिपला. पण गॅसच इतका थोडा आहे की एवढं अवाढव्य विवर असूनही ते उपाशीपोटी गप्प बसलंय, म्हणून आपल्याला इतकं शांत साधं जिरं दिसतं.

वहीत एक गोल काढून त्यात दिसली तशी रेघ आणि आजूबाजूचे तीन-चार तारे मांडा, वेळ नि आयपीस लिहा. चित्रकला येत नसली तरी. काढताना जे दिसतं ते नुसतं बघताना दिसत नाही, मला टोकांचा निमुळतेपणा तिसऱ्या चित्राच्या वेळी कळला.

रात्र हातात असेल तर अजून सव्वातीन तास थांबा. तोपर्यंत नरतुरंग (सेंटॉरस) हा तारकासमूह दक्षिणेला येतो, आणि त्यात ओमेगा सेंटॉरीचा तो मोठा गुच्छ सापडला की अर्धी मूठ वर सेंटॉरस ए ही गॅलेक्सी आहे, मधोमध काळा पट्टा असलेली. तिला कोणी भिंगाकार म्हणतं कोणी लंबगोल, ते भांडण अजून चालूच आहे. पुण्याहून ती २८ अंशच वर येते, कोल्हापूर-गोव्याकडे जरा जास्त, त्यामुळे खालची हवा स्वच्छ पाहिजे. समोरच्या डोंगरावर वणवा लागलेला असेल, मार्चमध्ये बहुतेक असतोच, तर तो नाद सोडा आणि सामान आवरा, आधी आयपीस मोजून डबीत टाका, माझा एक १० एमएमचा अजून त्या गवतात पडलेला आहे.